बाहुल्यांना नऊवारी

अकरा वर्षं मी दारं बनवली. सुताराची नव्हे, संगणकातली. परदेशी गेममध्ये कुणीतरी बंदूक घेऊन एखाद्या घरात शिरायचं असतं, त्याला लाथ मारायला दार लागतं. ते गंजलेलं, पोपडे उडालेलं, कधी अर्धं जळालेलं दार मी बनवायचे. चित्रकलेची पदवी घेतलेल्या बाईने हे करावं याचं मला पहिली दोन वर्षं वाईट वाटलं. पुढे वाईट वाटणं गेलं आणि त्या जागी एक तुच्छता आली. ती कायमची राहिली. गेम खेळणाऱ्यांविषयी, ते विकणाऱ्यांविषयी, आणि दाराच्या कडीवर गंज नीट बसला म्हणून टाळ्या वाजवणाऱ्या आमच्या बॉसविषयीही.

तिथेच पुण्याहून आलेला एक सहकारी होता. पस्तिशीचा, हुशार, बेंगळुरूत येलहंक्याला एका उंच इमारतीत राहणारा. फोनवर बोलताना त्याच्या डोक्यावरून विमानदलाची विमानं जायची आणि तो दर पाच मिनिटांनी "सॉरी ताई, परत बोला" म्हणायचा. आमचं घराणं या शहरात इतक्या पिढ्यांचं की आमच्या मराठीत निम्मं कन्नड मुरलेलं आहे. मी "स्वल्प थांब" म्हटलं की हा खुदकन हसायचा. "ताई, तुमचं मराठी किती क्यूट आहे!" ज्याच्या प्रत्येक वाक्यात सात शब्द इंग्रजी, त्याने माझ्या एका कन्नड शब्दाला क्यूट म्हणावं! मी त्याला मनातल्या मनात माफ केलं नाही, पण आमचं जमत होतं. कामाला तो चोख होता.

मी नोकरी सोडली तेव्हा तोही सोडायच्या बेतात होता. एकदा चामराजपेटला आमच्या घरी आला आणि लॅपटॉप उघडून म्हणाला, "ताई, हे बघा. व्हर्च्युअल वर्ल्ड. लोक इथे नुसते फिरतात, गप्पा मारतात, फंक्शन्स करतात. आणि सगळ्यांना कपडे लागतात."

स्क्रीनवर एक जग होतं. रस्ते, बागा, नाचायचे मजले, आणि त्यात जिवंत माणसांनी घरबसल्या चालवलेले बाहुले. त्या बाहुल्यांना तिथे अवतार म्हणतात. आमच्याकडे विस्कटलेल्या केसांनी कुणी दारात आलं की "काय हा अवतार!" म्हणतात, तो अर्थ मला जास्त पटला. त्यातल्या काही बायका साडीत होत्या. साडी म्हणजे काय, तर पायघोळ नळकांडं आणि खांद्यावर चिकटवलेला टॉवेल. एकीचा पदर तर चालताना तिच्या गळ्यातून आरपार जात होता.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

"कुणी फॉरेनरने. म्हणून तर म्हणतोय. आपण प्रॉपर नऊवारी करू. कासोट्यासकट. कुणाकडेच नाहीये."

त्या टॉवेलचा मला इतका राग आला होता की मी हो म्हटलं.

नऊवारी मला नेसता येते, पण नेसवता येत नाही. ते अक्काचं काम. अक्का माझी मोठी बहीण, सहा वर्षांनी मोठी. घराच्या पुढच्या खोलीत तिचं दुकान आहे, ब्लाउज शिवायचं आणि साड्यांना फॉल लावायचं. लग्नसराईत ती घरोघरी जाऊन नवऱ्या मुलींना आणि त्यांच्या आयांना नऊवारी नेसवते. टाचणी वापरत नाही. टाचणी वापरणाऱ्यांविषयी तिचं मत इथे लिहिण्यासारखं नाही.

मी तिला शेजारच्या मुलीला साडी नेसवायला लावली आणि चारही बाजूंनी फोटो काढायला लागले. अक्का वैतागली. "कापडाचे कसले फोटो काढतेस? माझे हात बघ. कापड हातामागून येतं." मग मी हात बघायला लागले. गाठ कुठे मारते, निऱ्या कुठल्या बोटावर धरते, मधलं कापड पायांतून मागे नेताना कुठे ताणते आणि कुठे मुद्दाम सैल सोडते. चार महिने लागले. संगणकातल्या कापडाला वजन नसतं, ते वजन खोटंखोटं द्यावं लागतं. शेवटी बाहुली चालली, बसली, वळली आणि साडी तिच्याबरोबर चालली, बसली, वळली, तेव्हा माझा तो सहकारी अक्षरशः उभा राहिला. मीही त्या दिवशी कुणालाच तुच्छ लेखलं नाही.

ती साडी आम्ही कंपनीकडे पाठवली. म्हणजे ते जग जिच्या मालकीचं होतं त्या कंपनीकडे. तिथे काहीही ठेवायचं तर आधी त्यांची तपासणी. आठवड्याने उत्तर आलं: वस्त्र अपूर्ण आहे. मागून पोटऱ्या दिसतात. कृपया वस्त्र पूर्ण करून पुन्हा पाठवावे.

मी ते तीनदा वाचलं. त्याच जगात समुद्रकिनाऱ्यावर दोन बोटांच्या चिंध्या लावून बायका नाचत होत्या. त्यांना हरकत नव्हती, कारण त्यांचा खाना वेगळा, पोहण्याच्या कपड्यांचा. साडीचा खाना म्हणजे पायघोळ झग्यांचा खाना, आणि झग्यात पोटऱ्या दिसता कामा नयेत. शेकडो वर्षं बायका ज्यात शेतात राबत आल्या, घोड्यावर बसत आल्या, ते वस्त्र कुणा तपासनिसाला अपुरं वाटलं.

कंपनीचं एक ऑफिस बेंगळुरूत होतं. आम्ही दोघं भेटायला गेलो. काचेची इमारत, स्वागताला कृत्रिम गवत, आणि आमच्याशी बोलायला एक तरुण गृहस्थ, ज्यांचं काम काय ते त्यांच्या कार्डावरून मला कळलं नाही. ते हिंदीत म्हणाले की त्यांना आमचं कल्चर फार आवडतं. मी म्हटलं, "मग साडी का परत केली?" ते हसले. म्हणाले, नियम जगभर एकच आहे, त्यांच्या हातात काही नाही. पण उपाय सोपा आहे. साडीच्या आत काळे, कमरेपासून घोट्यापर्यंतचे घट्ट मोजे घालावेत.

मी सहकाऱ्याकडे बघितलं. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "सरी, ताई. छोटासा चेंज आहे." कन्नडमधला 'ठीक आहे' म्हणायचा हा एकच शब्द त्याने तेवढ्या वर्षांत उचलला होता, आणि तोही मला गप्प करायला.

घरी येऊन मी अक्काला चित्र दाखवलं. काळ्या मोज्यांवर नऊवारी. अक्काने चष्मा लावला, काढला, परत लावला. "सर्कशीतली बाई आहे का ही?"

मोज्यांसकट साडी मंजूर झाली. सहकाऱ्याला कंपनीकडून नावापुढे लावायला एक चांदणी मिळाली आणि एक टीशर्ट घरपोच आला. तोच घालून तो व्हिडिओ कॉलवर यायचा. त्याला चांदणी, मला काळे मोजे, अशी आमची वाटणी झाली होती, आणि मी गप्प बसले होते. ती गप्प बसण्याची गोष्ट मला आजही खुपते. मी चिडले होते, पण लोक ती साडी नेसून फिरताहेत हे बघायला मला आवडत होतं.

मग कंपनीने बाहुल्यांची शरीरं बदलली. अधिक सुंदर, अधिक खरी, असं पत्रात लिहिलं होतं. नव्या शरीरावर जुने सगळे कपडे बिघडले. आमची साडी कमरेपासून वीतभर लांब तरंगायला लागली आणि कासोटा मांडीला चिकटला. दुरुस्त करावी म्हणून बघितलं तर दुरुस्त होईना. साडी आम्ही कंपनीच्याच प्रोग्रॅममध्ये बांधली होती, कारण दुसरीकडे बांधलेलं ते घेत नसत. आता तो प्रोग्रॅमही बदलला होता आणि जुनं काही उघडत नव्हता. मी लिहिलं, निदान आमची फाइल आम्हाला परत द्या. उत्तर आलं की तुमची निर्मिती ही सर्वस्वी तुमचीच आहे, मात्र ती आमच्या जगाबाहेर नेता येत नाही.

"ताई, परत करू," सहकारी म्हणाला. "नव्या बॉडीवर. आता तर एक्सपीरियन्स आहे."

"पुढच्या वर्षी पुन्हा शरीर बदललं तर?"

"तर परत करू. काय ऑप्शन आहे? ते ओपन सोर्सवाले? ताई, ते लोक म्हणजे सात दाढ्या आणि एक कॉम्प्युटर. तिथे बघायला कोण येणार?"

मी म्हटलं, "तू कर. मी नाही." तो निघून गेला. भांडण असं झालं नाही. नंतर फोन यायचे थांबले, एवढंच.

त्या सात दाढ्या मी शोधून काढल्या. दर शनिवारी सकाळी राजाजीनगरमध्ये एका दर्शिनीच्या, म्हणजे उभ्याने खायच्या हॉटेलाच्या, वरच्या हॉलमध्ये ते जमायचे. खालून सांबाराचा आणि कॉफीचा वास यायचा आणि वर ते स्वातंत्र्यावर बोलायचे. त्यांचं जग कुणा कंपनीचं नव्हतं. त्याचा प्रोग्रॅम सगळ्यांसाठी खुला, कुणीही घ्यावा, बदलावा, आपल्या घरी चालवावा. प्रत्यक्षात ते चालत होतं त्यांच्या म्होरक्याच्या घरी, जिन्याखालच्या एका संगणकावर. म्होरक्या पन्नाशीचा, नोकरी लवकर सोडलेला, लांब दाढीचा. त्याची बायको झाडू मारताना वायर काढायची तेव्हा ते स्वतंत्र जग बुडायचं.

त्या जगात मी फिरून आले. एक अर्धवट देऊळ, एक पुस्तकं नसलेलं तरंगतं ग्रंथालय, बरीच बाकं. माणसं म्हणजे तेच सात जण, घरच्या खुर्चीत बसूनच इथे येऊन बाकावर बसणारे.

मी म्हटलं, मला इथे नऊवारी करायची आहे, आणि खाली माझं नाव हवं. यावर चाळीस मिनिटं चर्चा झाली. म्होरक्या कन्नडमध्ये मला समजावत होता. "अम्मा, साडी हा सगळ्यांचा वारसा. त्यावर एका माणसाचं नाव कसं?"

"तुमच्या प्रत्येक बाकावर तुमचं नाव आहे," मी म्हटलं.

"तो नुसता उल्लेख आहे."

"मग माझाही उल्लेख करा."

"त्यासाठी एक समिती नेमू," तो गंभीरपणे म्हणाला. आणि त्यांनी ती खरंच नेमली.

समिती बसेपर्यंत मी एक कच्ची साडी करून त्यांच्याकडे ठेवली. पुढच्या शनिवारी गेले तर एकाने ती 'हलकी' केली होती. पदर काढून टाकला होता, कारण पदराने जग मंदावतं. कासोटाही सोडवून पुढे एक गाठ मारून ठेवली होती. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, "दिसायला सारखंच आहे ना?" आयुष्यभर आयांना आणि आज्यांना साडीत बघितलेले सात पुरुष, आणि एकालाही निरी कुठे आणि कासोटा कुठे ते सांगता येत नव्हतं. कंपनीच्या परदेशी तपासनिसाने निदान पोटऱ्या तरी बघितल्या होत्या.

त्याच्या पुढच्या शनिवारी मी अक्काला घेऊन गेले. तिने पिशवीत एक जुनी सुती नऊवारी आणली होती. हॉलमध्ये शिरल्यावर तिने सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि म्होरक्याला कन्नडमध्ये म्हणाली, "उठा. चपला काढा."

तो उठला. अक्काने त्याच्या पँटवरूनच कमरेला गाठ मारली. कुणी हसलं, अक्काने बघितल्यावर थांबलं. "पाय फाकवा. अजून." निऱ्या धरल्या, खोचल्या, मधलं कापड पायांतून मागे घेतलं, असं ओढलं की तो चवड्यांवर उभा राहिला, आणि मागे खोचून टाकलं. पदर खांद्यावरून घेऊन कमरेला बांधला. सहा-सात मिनिटं लागली असतील. एक टाचणी नाही.

"आता उकिडवे बसा."

तो बसला.

"उठा. त्या स्टुलावर चढा. उतरा. आता खाली जाऊन आम्हा सगळ्यांना कॉफी घेऊन या."

"असाच?"

"मग कसे?"

तो दाढीवाला गृहस्थ नऊवारीत जिना उतरला, दर्शिनीत रांगेत उभा राहिला आणि ट्रेमध्ये कॉफी घेऊन वर आला. खालून हसण्याचा आवाज येत होता. साडी जागची हलली नव्हती. त्याने ट्रे ठेवला, कमरेची गाठ चाचपली आणि जरा वेळाने विचारलं, "म्हणजे सगळं वजन या गाठीवर आहे?"

"एवढंच विचारायला एवढे शनिवार लागले," अक्का मला मराठीत म्हणाली.

तो पहिला शहाणा प्रश्न होता. त्या दिवशी त्यांनी मोजमापं घेतली, फोटो काढले, कापड कुठे ताणलं जातं ते विचारलं. दोघं जण मात्र तेव्हाही कोपऱ्यात फाइलला नाव काय द्यावं यावर भांडत होते. त्यांना अक्काने कॉफी दिली नाही.

मी पाच महिने खपून साडी पुन्हा बांधली, या वेळी फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, माझ्या संगणकावर. पदर होता, कासोटा होता, पोटऱ्या होत्या. समितीने माझं नाव मंजूर केलं. मध्यंतरी त्यांनीही बाहुल्यांची शरीरं बदलली आणि साडी बिघडली, पण फाइल माझ्याकडे होती. दोन संध्याकाळी बसून मी ती नीट केली. कुणाला विचारावं लागलं नाही. त्या माणसांवर माझं प्रेम बसलं म्हणून मी तिथे राहिले असं कुणी समजू नये. फाइल उघडत होती म्हणून राहिले.

वर्षभराने सहकारी चामराजपेटला आला. कंपनीने ते जगच बंद केलं होतं. निरोपाच्या पत्रात 'प्रवास' हा शब्द पाच-सहा वेळा होता म्हणे. अक्का मशीनवर काम करत होती, तो समोरच्या स्टुलावर बसला. टीशर्ट नवा होता, दुसऱ्या कुठल्या कंपनीचा.

"ताई, तुमच्या साडीबद्दल आलो होतो. ओपन सोर्सवाली."

मी वाटच बघत होते. म्हटलं, "ती आता सगळ्यांची आहे. कुणीही घ्यावी, फक्त नाव लिहावं असा नियम आहे. तुला माझ्याकडे यायचीही गरज नव्हती. सात दाढ्यांकडून घ्यायची."

"माहीत आहे. घेतलीये मी ऑलरेडी. दुसऱ्या एका वर्ल्डमध्ये टाकलीये. मोजे नाही लागत तिथे." तो ओशाळं हसला. "सांगायला आलो. न सांगता केलं तर बरं नाही वाटत."

"माझं नाव?"

त्याने फोन पुढे केला. साडीच्या चित्राखाली इंग्रजीत दोन ओळी होत्या. पहिलीत अक्काचं नाव होतं: नेसवणं यांचं. दुसरीत माझं: बांधणी यांची.

तो जरा चाचरत म्हणाला, "तुमच्या फाइलमध्ये अक्कांचं नाव नव्हतं, ताई. राहिलं असेल. मी घातलं."

राहिलं नव्हतं. माझ्या ते डोक्यातच आलं नव्हतं. एका नावासाठी मी समितीशी भांडले होते, शनिवारमागून शनिवार, आणि ज्या हातांनी ती साडी शिकवली ते हात घरातलेच म्हणून मी ते मोजले नव्हते. तो चांदणीवाला, टीशर्टवाला माणूस मोजून गेला. मला त्याचे आभार मानता आले नाहीत. मी म्हटलं, "चहा घेणार?" आणि आत गेले.

मी आत असताना अक्काने त्याच्याकडून फोन मागून घेतला असावा. बाहेर आले तेव्हा ती चष्म्यातून बघत होती. "माझं नाव लिहिलंय होय रे? स्पेलिंग चुकलंय. एक ए जास्त आहे." त्याने तिथेच बसून तो ए काढला.

त्या संध्याकाळी मी माझ्या फाइलमध्ये अक्काचं नाव घातलं, माझ्या वर. म्होरक्याने कळवलं की मंजूर फाइलमध्ये बदल करायचा तर समितीपुढे यावं लागेल. मी उत्तर दिलं नाही आणि बदलही मागे घेतला नाही. समितीतले तिघे एव्हाना दुसरं एक स्वतंत्र जग काढायला निघून गेले होते. बाकावर कुणाचं नाव असावं यावरून फाटलं होतं.

उरलेले चौघे आता सोमवारी आमच्या दुकानात येतात. धोतर करायचं आहे, त्यासाठी शिकायला. अक्का त्यांना आधी पाय धुऊन यायला सांगते आणि निम्मा वेळ फॉलच्या कडा धरायला बसवते. म्होरक्याला अजून निऱ्या सारख्या येत नाहीत. गेल्या सोमवारी अक्काने त्या तिसऱ्यांदा सोडल्या आणि म्हणाली, "परत करा."